छाप्याच्या वेळी दार अडवून धरणाऱ्यांना कायद्यात काय शिक्षा आहे? (पेडणे-बार्देश, गोवा)

रानवारा (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री ९:४०

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हे नवीन नाही, पण एकदा नीट विचारून घ्यावं म्हणून धागा काढतोय. ड्रग्जचा धंदा चालणाऱ्या घरावर छापा पडतो, पोलीस फाटकाशी उभे राहतात आणि आतले दार उघडत नाहीत. तेवढ्या वेळात माल गायब होतो. हे जे दार न उघडणं, वेळ काढणं, पोलीस येताहेत असा आधीच निरोप देणं, याला आपल्याकडे वेगळी शिक्षा आहे का? असेल तर किती?

विचारण्याचं कारण सांगतो. गावाचं नाव देत नाही, पेडणे तालुका एवढं पुरे. आमच्या वाड्यावर एक जुनं घर बाहेरच्यांनी भाड्याने घेतलं. आधी कंपाउंडवर पत्रे चढले. मग बाहेरच्या फाटकाच्या आत दुसरं फाटक आलं. मग वाटेच्या दोन्ही टोकांना माडांवर कॅमेरे. संध्याकाळ झाली की वळणावर एक पोरगा स्कूटरवर मोबाईल घेऊन बसायचा, रात्री उशिरापर्यंत. कोण येतंय, कशाला येतंय, सगळ्या वाड्याला ठाऊक होतं.

शेवटी एके रात्री पोलीस आले. वळणावरून स्कूटर सुटली आणि त्या घरातले दिवे गेले. पोलीस हाका मारताहेत, आतून कुत्रे भुंकताहेत, कुणीतरी "वकिलाला फोन लावलाय, थांबा" म्हणतंय. आमच्या मागच्या पडवीतून त्या घराची न्हाणीघराकडची भिंत दिसते. तिथल्या पाइपातून पाणी धडाधड वाहत होतं, थांबायचं, परत वाहायचं. थोड्या वेळाने वरची टाकी रिकामी झाली असणार, कारण विहिरीवरचा पंप सुरू झाला. अंधारात बसून पंप चालवणारं घर मी तोवर पाहिलं नव्हतं.

दार उघडलं तेव्हा आत फारसं काही सापडलं नाही. गुन्हा किरकोळ लागला. स्कूटरवाला पोरगा तर त्यात कुठेच नाही.

माझं म्हणणं एवढंच की त्या रात्रीचा खरा गुन्हा फाटकापासून न्हाणीघरापर्यंतच्या त्या वेळात घडला. कायदा त्या वेळेकडे बघतो का?

---

खांडेपारकर | मंगळवार, रात्री १०:०५

+१. आमच्याकडे फोंड्याच्या बाजूला इतकं नाही, पण शापोरा-वागातोरला भाचा हॉटेलात कामाला आहे, तो हेच सांगतो. पोलिसांची गाडी म्हापसा सोडते तेव्हाच तिकडे कळलेलं असतं.

---

सांजवेळ | मंगळवार, रात्री ११:२०

म्हापशात वकिली करते, बहुतेक वेळा आरोपींच्या बाजूने. तरी प्रश्न रास्त आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पोलिसांना काय अधिकार आहेत ते. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा. त्याच्या कलम ४२ प्रमाणे अधिकार दिलेला अधिकारी (शिपाई किंवा कॉन्स्टेबल नव्हे, त्यावरचा) खबर मिळाल्यावर ती लिहून काढून वॉरंटशिवाय घरात शिरू शकतो. विरोध झाला तर दार तोडण्याचा आणि वाटेतला अडथळा काढून टाकण्याचा अधिकार त्याच कलमात आहे. म्हणजे "दार उघडेपर्यंत थांबावंच लागतं" हा समज चुकीचा आहे. अट आहे ती वेळेची. दिवसा, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त, हा अधिकार सरळ वापरता येतो. सूर्यास्तानंतर शिरायचं तर वॉरंट काढायला गेलो असतो तर माल लपवला गेला असता किंवा माणूस पळाला असता, असं का वाटलं याची कारणं आधी लिहून ठेवावी लागतात. आणि लिहून घेतलेली खबर, कारणं यांची प्रत ७२ तासांत वरिष्ठांकडे जावी लागते. गोव्यातला हा सगळा धंदा रात्रीचा. त्यामुळे ही लिखापढी इथे प्रत्येक खटल्यात कसोटीला लागते. कर्नैल सिंग खटल्यात २००९ साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं की उशीर झाला आणि त्याचं समाधानकारक कारण दिलं तर चालेल, पण ही लिखापढी मुळात केलीच नाही तर चालणार नाही.

हॉटेल, दुकान, शॅक असेल तर गोष्ट वेगळी. कलम ४३ मध्ये सार्वजनिक जागेच्या व्याख्येत हॉटेल आणि दुकान स्पष्ट लिहिलेलं आहे, तिथे ही रात्रीची अट नाही. म्हणूनच धंदा शॅकमधून उठून भाड्याच्या घरांत गेला की पोलिसांचं काम अवघड होतं.

आता अडवणाऱ्याची शिक्षा. एनडीपीएस कायद्यात झडतीला अडथळा आणल्याचं स्वतंत्र कलम नाही. मग येतो भारतीय न्याय संहितेकडे. कलम २२१, सरकारी नोकराच्या कामात अडथळा: ३ महिन्यांपर्यंत कैद, २५०० रुपयांपर्यंत दंड. जुनं भादंवि १८६ तेच, तिथे दंड ५०० होता. त्यातही कोर्टाला दखल घ्यायची तर त्या सरकारी नोकराची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार लागते. धक्काबुक्की केली तर कलम १३२, २ वर्षांपर्यंत. दुखापत केली तर १२१, ५ वर्षांपर्यंत.

म्हणजे हात न लावता नुसतं दार धरून ठेवलं तर ३ महिने.

---

रानवारा | बुधवार, सकाळी ७:१५

वकीलताई, मनापासून आभार. पण मग हिशेब बघा. एनडीपीएसमध्ये शिक्षा वजनावर ठरते ना? आमच्या किनाऱ्यावर चालतं ते एमडीएमए (एक्स्टसी). त्याची अल्प मात्रा अर्ध्या ग्रॅमपर्यंत, तिथे शिक्षा १ वर्षापर्यंत. १० ग्रॅमच्या वर गेलं की व्यावसायिक मात्रा, किमान १० वर्षं आणि कमाल २०, आणि कलम ३७ मुळे जामीनही मुश्कील. एलएसडीची व्यावसायिक मात्रा तर ०.१ ग्रॅम. कागदाचे तुकडे ते, तोंडात टाकले की संपलं.

दारापाशी मिळालेल्या वेळात १२ ग्रॅमचे ३ ग्रॅम झाले तर माणूस १० वर्षांच्या सक्तीतून सुटला. आणि ज्याने तो वेळ मिळवून दिला त्याला ३ महिने, तेही कुणी लेखी तक्रार केली तर! मी कायदा शिकलेलो नाही, पण जो कायदा ग्रॅम मोजून वर्षं देतो, त्याने ग्रॅम कमी करणाऱ्या माणसाला इतकं स्वस्तात कसं सोडावं?

---

निवृत्त_फौजदार | बुधवार, सकाळी १०:५०

खात्यात आयुष्य गेलं, त्यातली काही वर्षं उत्तर गोव्यात. नाव-गाव विचारू नये.

रानवारा, तुम्ही पाइपाचं लिहिलंत ते वाचून बरं वाटलं, कारण पंचनाम्यात ते कधी येत नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं पोलीस मुद्दाम ढिलाई करतात. ढिलाई होते, नाही म्हणत नाही. २०१० साली तर अमली पदार्थविरोधी पथकातल्याच पोलिसांना पेडलरशी संबंध ठेवल्यावरून अटक झाली, पुढे प्रकरण सीबीआयकडे गेलं, ते आम्हा सगळ्यांना खाली मान घालायला लावणारं होतं. पण दारापाशी काय होतं तेही ऐका.

खबर आली की ती लिहायची, वरिष्ठांना कळवायचं, पंच (झडतीचे साक्षीदार) शोधायचे. वाड्यावरचा कुणी पंच व्हायला तयार नसतो, उद्या त्याच वाटेने त्याला दूध आणायला जायचं असतं. मग लांबून कुणाला तरी घ्यावं लागतं. वजनकाटा, सीलचं सामान, टेस्टिंग किट, स्त्री असण्याची शक्यता असेल तर महिला पोलीस. एवढा लवाजमा घेऊन आसगाव-शिवोलीच्या अरुंद वाटांनी जायचं. एकच वाट आत, तीच बाहेर. वळणावरच्या पोराने एक मिस कॉल दिला की झालं.

दार तोडायचा अधिकार आहे, वकीलबाई म्हणतात ते बरोबर. पण तोडल्यावर आत काही निघालं नाही तर? एनडीपीएसचं कलम ५८ आहे, संशयाला वाजवी कारण नसताना झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड. शिवाय चौकशी, बदली, पेपरात फोटो. म्हणून अधिकारी हाका मारत उभा राहतो. आतला त्याची ही भीती ओळखून असतो. दार धरून ठेवणाऱ्याला ३ महिन्यांची भीती, तोडणाऱ्याला नोकरीची. कोण आधी कचरणार सांगा.

---

दीपश्री_ग | बुधवार, दुपारी २:३०

मला यात दुसरी बाजू मांडायची आहे आणि ती कळकळीने मांडतेय.

आमच्या घरावर चुकून छापा पडला होता. घराचा नंबर एक, गल्ली दुसरी. रात्री दारावर थापा, बाहेर साध्या कपड्यातली माणसं. घरात मी, सासूबाई आणि लहान मुलगी. नवरा जहाजावर. मी दार उघडलं नाही. पोलीस आहोत म्हणणारा कुणीही पोलीस असतोच असं नाही. मी आधी शेजारी फोन केला, मग पोलीस ठाण्यात फोन करून खात्री केली आणि मग उघडलं. तेवढा वेळ गेलाच. शेवटी त्यांनी माफी मागितली, पण मुलगी त्यानंतर कित्येक रात्री माझा हात धरून झोपली.

तुम्ही म्हणता तसा कडक कायदा असता तर मी गुन्हेगार ठरले असते का? लोखंडी ग्रील आमच्याकडे आहे, कुत्रे आहेत, कॅमेरा आहे. अर्ध्या गोव्यात आहे. मुलं परदेशी, म्हातारी माणसं घरात एकटी, चोऱ्या वाढलेल्या. दाराला दोन कड्या लावणं हा संशय ठरायला लागला तर साध्या माणसाने राहायचं कसं?

---

सांजवेळ | बुधवार, दुपारी ३:१०

दीपश्रीताई, तुम्ही केलंत ते अगदी बरोबर केलंत. नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) कलम ४४ मध्येही दार तोडण्याआधी आपण कोण, कशासाठी आलो हे सांगून प्रवेश मागितला पाहिजे असं आहे. ओळखपत्र मागणं, ठाण्यात फोन करून खात्री करणं याला अडथळा म्हणत नाहीत. आणि कुणी मुद्दाम खोटी खबर देऊन तुमच्या घरावर छापा घडवला असेल तर एनडीपीएसच्या त्याच कलम ५८ खाली खबर देणाऱ्यालाही २ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

---

दत्ता_सिडनी | बुधवार, संध्याकाळी ६:००

मूळचा डिचोलीचा, सिडनीत बरीच वर्षं. इथलं उदाहरण द्यावंसं वाटतं, कारण तुमचं वर्णन वाचून मला कॅब्रामॅटा आठवलं. सिडनीच्या नैर्ऋत्येचं उपनगर. नव्वदच्या दशकात तिथे हेरॉइन रस्त्यावर उघड विकलं जायचं. पोलिसांनी रस्ता आवळला तसा धंदा फ्लॅटांत आणि घरांत शिरला. जाड दारं, आतून अडसर, बाहेर राखण. तुमचा स्कूटरवाला पोरगा इथेही होताच.

२००१ साली न्यू साउथ वेल्सने खास अशा घरांसाठी कायदा केला. ड्रग्जच्या घरात सापडणं किंवा तिथे ये-जा करणं, मालकाने जाणूनबुजून घर वापरू देणं, असं घर चालवायला मदत करणं हे गुन्हे झाले. पहिल्या वेळी १२ महिन्यांपर्यंत, पुन्हा सापडलात तर ५ वर्षांपर्यंत. योग्य कारणाने तिथे गेलेल्या माणसाला ते कारण सांगून सुटता येतं.

पण मला त्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट वेगळीच वाटते. हे घर ड्रग्जचं आहे की नाही हे ठरवताना कोर्टाने काय बघावं ते कायद्यात लिहून ठेवलंय. पोलिसांना आत शिरताना मुद्दाम अडवलं किंवा उशीर लावला का, दाराला त्यासाठी अडसर-साखळ्या बसवल्या होत्या का, इशारा देणारं कुणी ठेवलं होतं का. त्यामुळे माल सगळा वाहून गेला तरी खटला वाहून जात नाही. दार अडवलं तर ते अडवणंच त्यांच्या अंगावर येतं.

---

रानवारा | बुधवार, संध्याकाळी ६:४०

दत्तादादा, हेच! हेच मला नेमक्या शब्दांत मांडता येत नव्हतं.

मीही दुपारी थोडं वाचलं. अमेरिकेत न्यू जर्सीच्या कायद्यात ड्रग्जसाठी वापरायची जागा तटबंद करणं हाच वेगळा गुन्हा आहे. पोलादी दारं, आडवे दांडे, अलार्म, कुत्रे, राखणदार, पोलिसांना रोखण्यासाठी, उशीर करण्यासाठी किंवा इशारा मिळावा म्हणून यांपैकी काहीही वापरलं तरी तो लागतो. ३ ते ५ वर्षं. वॉशिंग्टन राज्यात आणि कॅलिफोर्नियातही अशीच कलमं आहेत. आणि इंग्लंडने १९७१ च्या ड्रग्जच्या कायद्यातच झडतीला मुद्दाम अडथळा आणणाऱ्याला २ वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवली आहे.

---

दीपश्री_ग | बुधवार, रात्री ८:२०

कुत्रेसुद्धा? मग माझी शंका तशीच राहते.

---

सांजवेळ | बुधवार, रात्री ९:४५

दीपश्रीताई, न्यू जर्सीचं कलम वाचलं तर सुरुवातच अशी आहे की जागा ड्रग्ज बनवायला, वाटायला किंवा साठवायला वापरली जात असली पाहिजे. ते आधी सिद्ध करायचं, मग तटबंदी. तुमच्या कुत्र्याला काही होणार नाही. पण तुमची भीती मला खोटी वाटत नाही. आपल्याकडे कलमं लावताना हात सैल सुटतो, हे मी रोज बघते.

आपल्याच देशातलं उदाहरण देते, लांब जायला नको. कस्टम्स कायदा १९६२, कलम १३३. कस्टम्सच्या अधिकाऱ्याला कामात मुद्दाम अडथळा आणला तर २ वर्षांपर्यंत कैद. म्हणजे विमानतळावर सोन्याची झडती अडवली तर २ वर्षं आणि किनाऱ्यावर एमडीएमएची झडती अडवली तर ३ महिने. ही तफावत कुणी आमदार-खासदाराने मांडली तर पटण्यासारखी आहे.

मात्र आहे त्या कायद्यात काहीच नाही असंही नाही. चार गोष्टी पोलीस वापरू शकतात आणि वापरत नाहीत.

पुरावा नाहीसा करणं, न्याय संहिता कलम २३८, मूळ गुन्हा १० वर्षांचा असेल तर ३ वर्षांपर्यंत. अडचण अशी की वाहून गेलं ते ड्रग्जच होतं हे दाखवावं लागतं. गटाराच्या चेंबरमधून नमुना घेतला तर काही हाती लागू शकतं, पण त्या रात्री तसं कुणी करतं का? फौजदारकाका सांगतील.

राखणदार पोरगा. एनडीपीएस कलम २९, मदत करणारा आणि कटात सामील असणारा मूळ गुन्ह्याच्याच शिक्षेला पात्र. मिस कॉल कुणी कुणाला केला हे मोबाईलच्या नोंदींत असतं. त्या रात्री त्या पोराचा फोन जप्त झाला का?

घरमालक. कलम २५, घर या कामाला वापरलं जातंय हे माहीत असून चालू दिलं तर मूळ गुन्ह्याचीच शिक्षा.

आणि चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. बहुतेक ठिकाणी कॅमेरा सुरू होतो तो टेबलावर वजनकाटा मांडल्यावर. तो फाटकाबाहेर सुरू करा! हाका मारल्या त्याची वेळ, दिवे गेले ती वेळ, पाण्याचा आवाज, दार उघडल्याची वेळ, सगळं नोंदलं जाईल. साक्ष अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे आरोपीचं आधीचं-नंतरचं वागणं पुराव्यात येतं. दत्तादादांच्या सिडनीत कायद्यात लिहिलंय ते आपल्याकडे निदान एवढ्या वाटेने तरी कोर्टापुढे आणता येईल. आणि दीपश्रीताईंसारख्या घरात पोलीस चुकून शिरले तर तेही त्याच चित्रीकरणात दिसेल. मी आरोपीची वकील म्हणून सांगते, मला ते चित्रीकरण हवंच आहे.

---

निवृत्त_फौजदार | गुरुवार, सकाळी ९:३०

चेंबरचा नमुना माझ्या काळात कुणी घेतल्याचं आठवत नाही. जुन्या घरांना सोकपीट असतो, पाणी जमिनीत. उघडायला माणसं लागतात आणि रात्री कुणी येत नाही.

फाटकाबाहेर कॅमेरा ही सूचना मात्र सोन्यासारखी आहे. खर्च काही नाही. पंचांनाही बाहेरूनच सोबत ठेवायचं आणि पंचनामा "फाटकाशी पोहोचलो तेव्हा अमुक वाजले होते" इथून सुरू करायचा. आम्ही "घरात प्रवेश केला असता" इथून सुरू करायचो, मधला वेळ कागदावर नसायचाच.

पंचांबद्दल एक लिहितो, कारण गावकऱ्यांना माहीत नसतं. पोलिसांनी लेखी बोलावूनही कारण नसताना पंच व्हायला नकार दिला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ प्रमाणे तोही गुन्हा धरला जातो. आम्ही कधी लावला नाही, लावूही नये. पण गावातली चार जाणती माणसं स्वतःहून तयार झाली तर खटला कितीतरी मजबूत होतो. कोर्टात लांबचा पंच आला की बचावाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो, तुम्ही तिथे कसे?

आणि खबर देणाऱ्याचं नाव. एनडीपीएस कलम ६८, खबर कुठून मिळाली हे सांगायची सक्ती कुठल्याही अधिकाऱ्यावर करता येत नाही. लोकांना हे सांगा.

---

शिवोलीची_माई | गुरुवार, सकाळी ११:१५

मी हा धागा कालपासून वाचतेय आणि पोटात गोळा आलाय. मालक म्हणून मूळ गुन्ह्याचीच शिक्षा? आमचं आजोळचं घर आम्ही भाड्याने दिलंय. पोरगा कतारला, मी पर्वरीला लेकीकडे. भाडं बँकेत येतं, घर बघायला वर्षातून एखाद्या वेळी जाते. मागच्या वेळी गेले तर त्यांनी आत दुसरा दरवाजा बसवलेला, म्हणाले चोरांसाठी. मी काय करू?

---

सांजवेळ | गुरुवार, दुपारी १:००

माई, घाबरू नका. कलम २५ मध्ये "जाणूनबुजून" हा शब्द आहे. माहीत नसलेल्या मालकाला ते लागत नाही. पण डोळे मिटून घेतले असं दिसायला नको.

भाडेकरार लेखी आणि नोंदवलेला ठेवा. भाडेकरूची पडताळणी पोलीस ठाण्यात द्या आणि शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवा. परदेशी माणूस असेल तर त्याच्या मुक्कामाची माहिती ऑनलाइन २४ तासांत द्यावी लागते, एजंटवर सोडू नका. करारात दोन वाक्यं घाला: मालकाच्या लेखी परवानगीशिवाय दारं, फाटकं, पत्रे, कॅमेरे बसवायचे नाहीत, आणि आधी कळवून मालक दर तीन महिन्यांनी घर आतून बघू शकेल. दुसरा दरवाजा बसलाच आहे तर आजच लेखी विचारा, कशासाठी, कुणाच्या परवानगीने. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलंत तरी चालेल, नोंद राहते. उत्तर टाळलं तर ठाण्यात लेखी कळवा आणि पोच घ्या.

---

खांडेपारकर | गुरुवार, दुपारी १:४०

इंग्लंडमध्ये अशी घरं सील करतात ना? आपल्याकडे का नाही?

---

सांजवेळ | गुरुवार, दुपारी २:२०

हो, २००३ च्या कायद्याने पोलीस नोटीस लावायचे आणि ४८ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन ३ महिन्यांपर्यंत घर बंद करता यायचं. २०१४ च्या कायद्यात ती सोय पुढे चालू ठेवली. आपल्याकडे ड्रग्जच्या घराला तशी तात्काळ टाळं लावायची सोय एनडीपीएसमध्ये नाही. कुंटणखान्यांसाठी मात्र आहे, १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचं कलम १८, मॅजिस्ट्रेट नोटीस देऊन जागा रिकामी करायला लावू शकतो. म्हणजे कल्पना आपल्या कायद्याला परकी नाही.

फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. गोवा विधानसभा दुरुस्ती करू शकते, केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. वेळखाऊ आहे, अशक्य नाही.

---

दीपश्री_ग | गुरुवार, दुपारी ३:५५

दुरुस्ती मागायची असेल तर माझ्या दोन अटी लिहा. एक, गणवेशात किमान एक अधिकारी आणि ओळखपत्र दाखवल्याशिवाय "अडवलं" असं म्हणता येणार नाही. दोन, ठाण्यात फोन करून खात्री करायला घेतलेला वेळ अडथळा धरला जाणार नाही. एवढं असेल तर माझीही सही घ्या. त्या पोरांच्या हातात जे विकलं जातं ते माझ्या मुलीच्या शाळेच्या वाटेवरही येतंय, मला ते नकोच आहे.

---

रानवारा | गुरुवार, रात्री ९:३०

दीपश्रीताई, दोन्ही अटी पहिल्यांदा घालतो, मग बाकीचं.

ग्रामसभेत मांडायला असा मजकूर केलाय, बघा आणि सुधारा:

"आमच्या पंचायत क्षेत्रात अमली पदार्थांच्या संशयावरून होणाऱ्या प्रत्येक झडतीचं चित्रीकरण फाटकाबाहेरूनच सुरू व्हावं आणि पंचनाम्यात पोहोचण्याची, हाक मारण्याची व दार उघडण्याची वेळ नोंदवावी, अशी विनंती ही ग्रामसभा पोलीस अधीक्षकांना करते. अधिकाऱ्याने ओळखपत्र दाखवून प्रवेश मागितल्यानंतर, आणि रहिवाशाला ठाण्यात खात्री करण्याइतका वेळ दिल्यानंतरही, अमली पदार्थांच्या जागेत पोलिसांना मुद्दाम अडवणं, उशीर लावणं, इशारा देण्यासाठी माणसं ठेवणं यासाठी कस्टम्स कायद्याच्या धर्तीवर स्वतंत्र शिक्षा असावी, यासाठी आमदारांनी विधानसभेत प्रयत्न करावा. पंच म्हणून उभं राहायला तयार असलेल्या गावकऱ्यांची यादी ठाण्याकडे गोपनीय राहील."

---

निवृत्त_फौजदार | गुरुवार, रात्री १०:१०

शेवटचं वाक्य काढा. यादी ग्रामसभेच्या ठरावात आली की ती गोपनीय राहिली कुठे? पंचांचं तोंडी बोला, थेट निरीक्षकाशी, दोघे-तिघे जाऊन.

आणि एक जोडा. एनडीपीएस कलम ४७ प्रमाणे गांजाची बेकायदा लागवड कळली तर पंच (इथे पंचायतीचे सदस्य) आणि सरपंच यांनी लगेच कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. घरांच्या बाबतीत तसं काही लिहिलेलं नाही, पण ठरावात पंचायतीने स्वतःहून ती जबाबदारी घ्यावी. मग सरपंचाला "मला काय माहीत" म्हणता येणार नाही.

---

रानवारा | गुरुवार, रात्री १०:२५

काढलं. कलम ४७ जोडलं. सूचना सोमवारी पंचायत सचिवाकडे लेखी देतोय, म्हणजे रविवारच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर येईल. बार्देशातल्या कुणाला आपल्या पंचायतीत मांडायचा असेल तर हाच मजकूर उचला, विचारायची गरज नाही.

---

शिवोलीची_माई | गुरुवार, रात्री १०:५०

भाडेकरूला आत्ताच व्हॉट्सअ‍ॅप केला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. वकीलबाय, उद्या सकाळी तुमच्याकडे आले तर करार बघाल का?

---

सांजवेळ | गुरुवार, रात्री ११:०५

या ना माई. दहाच्या आत या, नंतर कोर्टात असते. कराराची मूळ प्रत आणि घरपट्टीची पावती आणा.